साडूची डिस्क

३ मार्च
कंबर धरली. डाव्या पायाला मुंग्या. साडू जेवायला आला होता. त्याच्या मणक्यात कृत्रिम डिस्क बसवून चार महिने झाले. जाताना दारात उभ्याउभ्या वाकून बुटाची नाडी बांधली. बायको बघतच राहिली. म्हणे, भाऊजी अगदी पंचविशीतले वाटतात! मी वाकलो की म्हणते, जपून, पडाल. जळफळाट वगैरे काही नाही. फक्त मलाही डिस्क हवी.

७ मार्च
पहिला डॉक्टर. एमआरआय बघून म्हणाला, डिस्क बदलू, कंबर वाकती राहील. हुशार माणूस.

१२ मार्च
दुसरा म्हणतो, डिस्क नको, दोन मणके स्क्रूने जोडून टाकू. म्हणजे साडू वाकणार आणि मी इस्त्रीच्या फळीसारखा ताठ! पण ऑपरेशन हवं, हे त्यालाही मान्य. अर्धं मत धरलं.

१५ मार्च
तिसऱ्या डॉक्टरबाई. ऑपरेशनच नको, सहा महिने व्यायाम, पोट कमी करा. बाईंना अनुभव कमी दिसतो. मत बाद.
बायकोला निकाल सांगितला, दीड विरुद्ध शून्य. म्हणाली, शिंप्याने कापडच मोजावं.

१६ मार्च, दुकानात
कटिंगच्या टेबलावर वाकलो तो अर्धा तास तसाच. गिऱ्हाइकाला सांगितलं, कापडाचा पोत बघतोय.
डिस्क बसली की साडूच्या घरी जाणार. त्याच्यादेखत सोफ्याखालचा रिमोट काढणार. दोन डिस्क बसवतात का, विचारायला हवं.

२० मार्च, दुपारी
थेट साडूच्याच सर्जनकडे गेलो. साडू सोबत, उगाच. सर्जनने पाय उचलायला लावले, टाचांवर चालवलं. म्हणाला, तुम्हाला डिस्कची गरजच नाही, व्यायाम करा. मी म्हटलं, पुन्हा बघा. त्याने पुन्हा बघितलं. तेच.
बाहेर बाकावर साडू हळूच म्हणाला, नशीबवान आहेस लेका. माझं महिनाभर पुन्हा दुखतंय. चारचौघांत वाकतो आणि घरी जाऊन आडवा होतो. कुणाला बोलू नकोस. खरं सांगतो, तुझा हेवा वाटतो.
माझा हेवा! चहा मी पाजला.

२० मार्च, संध्याकाळी
शब्द दिला होता, पण बायको काय परकी आहे? आल्याआल्या सांगून टाकलं. म्हटलं, आता उतरेल भाऊजींचं कौतुक.
तिचे डोळेच भरून आले. म्हणाली, एवढं दुखत असून माणसाने कधी अवाक्षर काढलं नाही! नाहीतर तुम्ही! तशीच ताईकडे निघाली. माझी शेकायची पिशवी घेऊन.
व्यायाम उद्यापासून. आज जेवण गरम करून घ्यायचंय. पातेलं सगळ्यात खालच्या कप्प्यात आहे.