नोराबाईंची झाकलेली ताटली

नोव्हाय, अमेरिका, रविवार संध्याकाळ

आयर्लंडहून परतून आठवडा झाला, पण ती झाकलेली ताटली मनातून जात नव्हती. तिथल्या जुन्या गावातलं गेस्टहाउस नोराबाईंचं. मुलगा बॅगा उचलतो, सून खोल्या आवरते, रांधणं मात्र बाईंचंच. निघायच्या सकाळी एकादशी होती. त्यांनी टोस्ट, बीन्स, मशरूम वाढून ताटली पुढे ठेवली, आणि मी नुसतं "नो, थँक यू" म्हणालो. उपास बोलून दाखवू नये, असं आईने शिकवलेलं. बाईंचा चेहरा उतरला. गरम राहावं म्हणून वर दुसरी ताटली झाकून त्यांनी ती परत नेली. लागलंच असणार त्यांना. कुणाला नाही लागणार?

आज ईशाला हे सांगितलं, तर पोरीने सरळ नोराबाईंनाच व्हिडिओ कॉल लावला. "बाबा, जस्ट टेल हर!"

सांगितलं. देवाचा उपास होता, बटाटा तेवढा चालतो.

"बटाटा?" बाई हसत सुटल्या. "आमच्याकडे बटाटा संपला की उपास, तुमच्याकडे बटाटा असला की उपास! आणि मला वाटलं, आदल्या दिवशी माझं मीठ जास्त झालं. आठवडाभर सगळ्यांना अळणी खायला घालतेय!"

मागून मुलगा ओरडला, "आई, आता तरी मीठ घाल!"

किती हलकं वाटलं! आज एकादशी नाही, तरी मीच बटाटे उकडले. मीठ, लोणी घातलं. देवापुढे नैवेद्य ठेवला आणि वर दुसरी ताटली झाकली. गरम राहावा म्हणून.