शेजारची खुर्ची

बाई, शाळेत सगळे तुम्हाला ‘मिस’ म्हणायचे. आमच्या घरी मात्र आई रोज ‘तुमच्या बाई आज काय म्हणाल्या?’ असं विचारायची, त्यामुळे माझ्यासाठी तुम्ही बाईच राहिलात. तुम्ही गेल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं, तेही फार उशिरा. कुणीतरी जोडलेले हात टाकले, त्याखाली तसलेच हात जुळत गेले, आणि मला काही लिहावंसंच वाटेना. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आज लिहिते आहे, कारण आमच्या ऑफिसात नुकतंच जे झालं त्याचं मूळ तुमच्यापाशी आहे. दुसऱ्या कुणाला सांगायला गेले तर ‘एका खुर्चीवरून एवढं?’ म्हणतील.

तुम्हाला तो फॅन्सी ड्रेस आठवत असेल. अबुधाबीजवळच्या मुसफ्फ्यातली आपली शाळा, आणि पंचा नेसून, गोल चष्मा लावून, काठी टेकत निघालेला निम्मा वर्ग. आईला काहीतरी वेगळं हवं होतं. अमेरिकेतला तो काळा धर्मोपदेशक तुम्ही आम्हाला वर्गात शिकवला होता. काळ्या माणसांना बसमध्ये मागे बसावं लागे, गोरा आला की उठावं लागे. तर त्यानं आपल्या माणसांना सांगितलं, बसमध्ये चढूच नका. वर्षाहून जास्त काळ ती माणसं कामावर पायी गेली. मार खाल्ला, पण उलटा हात उगारला नाही, आणि शेवटी बसमध्ये हवं तिथे बसली. हे मी घरी येऊन इतकं रंगवून सांगितलं की आईनं ठरवलं, हिला तोच करायचा. शेजारच्या मुलाचा कोट, बाबांचा टाय, पेन्सिलीची मिशी, आणि मग खोबरेलात कालवलेलं काजळ पार मानेपर्यंत. ‘आधीच सावळी आहे, फार लागणार नाही,’ आई शेजारणीला हसत म्हणाली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. मला दर रविवारी बेसन-दूध चोळून उजळ करायला निघालेली बाई ती, माझा रंग पहिल्यांदाच कामी येतोय म्हणून खूश होती बिचारी.

स्टेजच्या मागे तुम्ही मला बघता, हाताला धरून बेसिनपाशी नेता आणि साबणानं माझं तोंड धुवायला लागता. काजळ डोळ्यांत जातं, मी रडते. ‘मिस, नाऊ नोबडी विल नो हू आय अ‍ॅम!’ तुम्ही पदरानं माझं तोंड पुसता आणि म्हणता, ‘मग सांग त्यांना. तो काय बोलला, काय केलं ते सांग. हा चेहरा चांगला आहे, असाच ने.’ आई धावत आली तेव्हा तुम्ही तिलाही सोडलं नाहीत. ‘ताई, रंग बघू नका म्हणून त्या माणसानं जन्म घालवला, आणि आपण त्याचा तेवढा रंगच उचलला. आपल्याकडेही एका तळ्याचं पाणी काही माणसांना पिऊ देत नव्हते, विसरलो का आपण?’ आईचा चेहरा पडला. त्या दिवशी मला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी विचारलंच, ही कोट घातलेली मुलगी कोण? पण ‘हा चेहरा चांगला आहे’ हे मला त्याआधी कुणी, अगदी कुणीही म्हटलं नव्हतं. ते मी कोटाच्या खिशात घालून घरी आणलं म्हणा ना. आई मात्र पुढे कितीतरी दिवस धुसफुसत होती. ‘एवढी मेहनत केली, आणि चारचौघांत मलाच धडा शिकवला!’

तिथेच थांबला असतात तर ते भाषण झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या बसमध्ये चढलात. आमच्या बसला इथिओपियाची एक आंटी होती, आम्हाला चढवायला-उतरवायला. तिच्या शेजारची सीट कायम रिकामी असायची. तसं कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारतही नव्हतं. मुलं एका सीटवर तिघं-तिघं दाटीनं बसायची, पण तिथे नाही. तुम्ही सरळ जाऊन तिथे बसलात. मागून कुणीतरी ओरडलं, ‘मिस, नोबडी सिट्स देअर!’ तुम्ही म्हणालात, ‘आता मी बसते ना.’ डब्यातली चिक्की काढलीत, अर्धी तिला दिलीत, अर्धी स्वतः खाल्लीत. आम्हाला एक शब्द ऐकवला नाहीत. आठवडाभर तुम्ही तिथेच बसलात, आणि त्यानंतर एक दिवस तुम्ही रजेवर असताना मी बसले. आंटीनं माझी बॅग मांडीवर घेतली. एवढंच झालं, पण मला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं होतं.

आता ऑफिसचं सांगते. मी आणि माझे मोठे दीर मिळून इंटिरिअरची कामं घेतो, दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये ऑफिस आहे. रिसेप्शनला मी केनियाची एक मुलगी घेतली. हसरी, कामाला चोख, मुलाखतीत सगळ्यांत उजवी. तिचं प्रोबेशन संपत आलं तसे भाऊजी म्हणाले, ‘कन्फर्म नको करूस. मुलगी चांगली आहे गं, पण फ्रंट डेस्कला नको. क्लायंट आपले आहेत, फेस बघतात. मागे स्टोअरला टाक, नाहीतर खलास कर, काढून टाक.’ स्टोअरला आमच्याकडे जागाच नव्हती, आणि नोकरी गेली की इथला व्हिसाही जातो, हे तुम्हाला सांगायला नको. तिच्या पैशांवर तिकडे दोन भाऊ शिकतायत. मी भांडायला तोंड उघडलं, आणि मला एकदम तुमची ती चिक्की आठवली. भांडले नाही. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उचलला आणि रिसेप्शनला तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले.

भाऊजींना वाटलं, केबिनचा एसी बिघडला. ‘बिघडलेला नाही,’ मी म्हटलं. ‘फेस बघणारे क्लायंट आहेत ना, दोन्ही बघू देत. माझा तरी कुठे गोरा आहे?’ एक जुने क्लायंट आले, तिच्याकडे न बघता मला म्हणाले, ‘मॅडम, कोई अपना नहीं है क्या?’ मी म्हटलं, ‘यही अपनी हैं, इनसे बोलिए.’ ते तोंड वाकडं करून परत गेले आणि त्यांच्या व्हिलाचं कामही गेलं. खरं सांगते, त्या रात्री उद्या आत जाऊन बसावं म्हणून मी दहा कारणं शोधली. पण सकाळी पाय तिकडेच वळले. रोज सकाळी भाऊजींना आम्हा दोघींसमोरून जावं लागे. आधी ते फोन कानाला लावून जायचे, मग मान हलवायला लागले, मग ‘गुड मॉर्निंग’ आलं. शेवटी एक दिवस ते थांबले. ‘पुरे आता. तू आत जा, ही बसू दे इथे.’

‘कन्फर्म?’ मी विचारलं.

‘इन्शाल्ला.’

‘भाऊजी, तुमचं इन्शाल्ला मला चांगलं माहितेय. हो की नाही?’

‘हो गं बाई, हो! सही करतो. यल्ला, कामाला लाग.’

सही झाल्यावर ती मुलगी वॉशरूममध्ये जाऊन रडून आली. नेमकी त्याच दुपारी आई माझा डबा घेऊन आली. आई आता माझ्याकडेच असते, जवळच्याच टॉवरमध्ये. त्या मुलीनं तिला सगळी हकिकत सांगितली आणि मला विचारलं, ‘मॅडम, हू टॉट यू धिस?’ तुमचं नाव अगदी ओठांवर होतं, बाई. तेवढ्यात माझं लक्ष आईकडे गेलं. ती डब्याचं झाकण हातात धरून खाली बघत उभी होती, जणू आता पुन्हा कुणीतरी तिला चारचौघांत काही सांगणार होतं. मी म्हटलं, ‘माय मदर.’

आईनं चटकन वर पाहिलं. मग त्या मुलीला म्हणाली, ‘बैठो बेटा, तुम भी खाओ,’ आणि स्वतःच तिच्या शेजारी बसली.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. तुमचं श्रेय मी आईला देऊन टाकलं, आणि ते परत मागायची मला मुळीच इच्छा नाही.