शेवटच्या बोलण्यांचा आहेर

४ फेब्रुवारी
जमलं! हरिओम हो म्हणाला! घटस्फोट घ्यायचा, पण भांडून नाही. तो, मी आणि दोघांचे वकील – एका टेबलाला बसून सगळं ठरवायचं. माझ्या साधना वकीलबाईंनी बजावलंय, एकानेही केस ठोकली की दोन्ही वकील बाहेर, पुन्हा पहिल्यापासून सुरू. चालेल! अर्पिताला कोर्टात उभं करून कुणी विचारायला नको – आई पाहिजे का पप्पा? मला एवढंच हवंय.

५ फेब्रुवारी
माहेरी वाटूरला वडिलांना, अण्णांना, फोनवर सांगितलं. भडकलेच! "टेबल-बिबल काय न्हाई, केस ठोक. त्याला बराबर दाखवतो." मंगळवारी बोलणी आहेत एवढं ऐकलं आणि फोन आपटला.

११ फेब्रुवारी
हसू का रडू! बोलणी म्हटली की भावकी न्यायची, ही आमची रीत. मस्तगडला साधनाताईंच्या ऑफिसखाली टेम्पो उभा – अण्णा, मामा, निम्मी भावकी! सोयरीक जमवायला आल्यासारखे!! साधनाताई म्हणाल्या, आत फक्त चौघं. अण्णा जिन्यातच बसले. "काय ठरवून राह्यले ते ऐकल्याबिगर मी उठत न्हाई."

आता अण्णा ओरडणार, हरिओम चिडून उठणार, केस होणार!

हरिओम उठलाच. खाली जाऊन सगळ्यांना चहा सांगून आला. मग जिन्यात अण्णांसमोर बसला. दार उघडंच होतं. "अण्णा, पोरगी तिच्या आईपाशी, सत्यशीलापाशीच राहील. मी शनिवार-रविवार नेईन. शाळेचा खर्चा दोघांचा. मंग भांडायचं कशापायी?"

हा माणूस घरात कधी असा बोलला असता तर! जाऊ दे. अण्णांनी चहाला हात लावला नाही. पण ओरडलेही नाहीत!

१४ फेब्रुवारी
अण्णा फोन उचलत नाहीत. मामा म्हणतात, परतूरच्या वकिलाकडे गेल्ते. देवा, आता नको.

२५ फेब्रुवारी
सह्या झाल्या!!! आता दोघांचा मिळून एकच अर्ज कोर्टात जाईल.

आणि अण्णा आले! एकटेच, एसटीने, परतूरच्या वकिलाला नको सांगून. पिशवीतून टॉवेल-टोपी काढली आणि लग्नात दिली होती तशीच हरिओमला दिली. "जावई न्हाई राह्यलास. पर नातीचा बाप हाईस. तिला घेऊन वाटूरला येत जा. जेवल्याबिगर जायचं न्हाई." हरिओमने मान खाली घातली आणि टोपी घातली.

संध्याकाळी अर्पिताने त्याला तसंच पाहिलं. "पप्पा, कुणाचं लग्न होतं?"

आम्ही दोघंही हसलो. मग मी मोरीत जाऊन पोटभर रडले.