खिंडीपलीकडची नंदा

मनाली,
ता. २४ सप्टेंबर १९५४

चि. दौलत यास सगुणाबायचे पोटभर आशीर्वाद. वहिनीला आणि पोरांनाही.

पोचले बाबा एकदाची. आगगाडीचं काही नाही, पण पुढं मोटारीत ओकून ओकून आतडी हातात आली. अक्षर वाकडं आहे म्हणून हसशील. मला माझ्या पोरीनं, नंदानं चुलीपुढं बसवून शिकवलंय, नावं ठेवायची तर मास्तरणीला ठेव.

उद्या खेचरवाल्यांबरोबर रोहतांगची खिंड चढायची. नंदा नर्स आहे तो सरकारी दवाखाना पलीकडच्या खोऱ्यात. दिवाळी झाली की खिंड बर्फानं बुजते, मग जेठ महिन्यापर्यंत माणूस नाही, चिठ्ठी नाही. दोन वर्षं पोरीचं तोंड पाहिलं नाही. तिकडं गावात शेजारची बायजा पाणवठ्यावर सांगत सुटलीय, की कसली नर्स, कुणाचा तरी हात धरून पळाली. आता पोरीला घेऊनच येते. तू शीळफाट्याला जाऊन धोंडीबांना सांग, त्यांच्या गोविंदाच्या आणि नंदाच्या लग्नाला तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरा.

तुझी,
सगुणाबाय


ठाकुर्ली,
ता. ५ ऑक्टोबर १९५४

ती. सगुणाबाय हिस धाकट्या दौलतचा शिरसाष्टांग दंडवत.

पत्र वाचलं. मास्तरणीला पैकीच्या पैकी मार्क. पावरहौसातल्या सगळ्यांना दाखवलं, की माझी बहीण हिमालयात गेली. कुणाला खरं वाटेना.

धोंडीबांकडे जाऊन आलो. त्यांचा गोविंदा तयार आहे, पण म्हातारा ऐकायला तयार नाही. म्हणतात, तुळशीच्या लग्नापर्यंत मुलगी दारात दिसली पाहिजे, नाहीतर दुसरीकडे सुपारी फोडू. बायजाचं बोलणं त्यांच्याही कानावर गेलंय. बाय, असं स्थळ पुन्हा यायचं नाही. तुझ्या स्वभावाप्रमाणे भांडत बसू नकोस, पोरीला घे आणि निघ. पायात बूट घालत जा.

तुझा,
दौलत


लाहौल,
ता. १९ ऑक्टोबर १९५४

चि. दौलत यास आशीर्वाद.

बुटांचं तू उशिरा लिहिलंस. माथ्यावर पोचले तर पुढं सगळं पांढरं, उन्हात लखलखणारं, थेट आपल्या आगरातल्या मिठाच्या राशी. आपल्यात राशीवर पायताण घालून कोण चढतं? हातांनी आपसूक बूट काढले. खेचरवाला ओरडत होता, मला वाटलं खेचरावर ओरडतोय. पाय बधिर झाले, मला वाटलं सवय झाली. खाली उतरले तेव्हा बोटं निळी. नंदाच्या दारात मला खेचरावरून गोणीसारखं उतरवलं.

पोरीनं मला झापलं रे! मी तिला झापायला गेले होते. मग कोमट पाण्यात पाय धरून बसली, बोटं वाचवली. पण पंधरा दिवस खाट. दवाखान्याच्याच खोलीत पडून सगळं बघत होते.

हे खोरं इतकं निवांत, की कोसावरल्या खेचराची घंटा ऐकू येते. खाली नदी, वर नुसते डोंगर. आणि त्या डोंगरांतून माणसं दोन-दोन दिवस चालून माझ्या नंदाकडे येतात. एके दिवशी एक बाई अडली, मूल पायाळू. नंदा दोराच्या पुलावरून पलीकडे गेली. मी इथं देवाला शिव्या देत बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी आली, उभ्यानं भाकरी खाल्ली आणि घास तोंडात असतानाच झोपली. बाळ-बाळंतीण दोघं ठीक. त्यांची म्हातारी येऊन माझ्या पायात लोकरीचे मोजे चढवून गेली. भाषा कळली नाही, पण हात कळले.

तुझं पत्र आलं तशी नंदानं ट्रंक भरली. म्हणाली, आई, तू सांगशील तर येते, तोंड वाकडं करणार नाही. मी म्हटलं, मग रडतेस कशाला? तेव्हा कळलं, खिंड बुजायच्या आधी डॉक्टर खाली जातो आणि बदलीची नर्स जेठाशिवाय येत नाही. मधल्या दिवसांत सहा बाया बाळंत व्हायच्यात. नंदा यायच्या आधीच्या हिवाळ्यात दोन बाया गेल्या.

दोन दिवस मी त्या ट्रंकेकडे बघत विचार करत होते. स्थळ चांगलं आहे, मला कळतं. तिचा बाप असता तर काय म्हणाला असता, तेही मनात आलं. तिसऱ्या दिवशी माझ्या हातानं ट्रंक उपसली आणि तिची लुगडी परत खुंटीला टांगली. पोरगी मला बिलगून लहानपणासारखी रडली. मी नाही रडले. थोडीशी.

ही चिठ्ठी आजच डाकेबरोबर पुढं धाडते; उद्या शेवटच्या खेचरांबरोबर मी एकटी निघते. पाणवठ्यावर बायजाला मीच सांगेन, तू मधे पडू नकोस. धोंडीबांना मात्र माझ्या आधी जाऊन सांग, की मुलगी तुळशीच्या लग्नाला दारात दिसणार नाही. आणि गोविंदाला बाजूला घेऊन सांग, नंदा जेठात मोकळी होईल. खरंच तयार असेल तर खिंड उघडल्यावर इकडे यावं आणि तिला स्वतः विचारावं. तुझी बहीण अनवाणी चढली, त्याला बूट घालून चढायला काय होतंय?

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

नंदाची आई,
सगुणाबाय