फणसाखालचा वाफा

रविवार, १ नोव्हेंबर १९८१

दादा आज मुंबईला गिरणीत परत गेला. जाताना फणसाचा निकाल लावून गेला — महाडच्या लाकडाच्या वखारवाल्याला विचारूनही आला होता! आणि कारण कोण, तर मी. म्हणाला, "तूच रडतेस ना, सावलीत काय उगवत नाय म्हणून? फणस काढू, आंगण मोकळं होईल. मग लाव तुझी फुलं."

खरं आहे. वीस वर्षं मी हेच रडगाणं गात आले. पण आईनं लावलेलं झाड माझ्या तक्रारीपायी तुटणार? घर त्याच्या नावावर, झाड त्याचं. मी नुसती राहणारी. तरी बोलून गेले — फुलं सावलीतच आणून दाखवली तर? तो हसला. दर वर्षी वीस मार्चला चवदार तळ्यावर येतो, तेव्हा बघेन म्हणाला. फुलं असली तर फणस राहील, नसली तर वखारीत. वर ताकीद — चार झेंडू लावून फसवायचं नाही.

त्रेचाळीस वर्षांची बाई मी, हायस्कूलात शिकवते, आणि शर्ती लावते!

रविवार, ८ नोव्हेंबर

चित्रकलेच्या सरांनी पुण्याहून बियांचं पाकीट आणून दिलं. वर फक्त "मिश्र फुले". आत काही बी मोहरीहून बारीक, काही काड्यांसारखं, काही चपटं. कशाचं काय, कळत नाही.

आज दिवसभर अंगणात. दर तासाला उन्हाच्या कडेला राखेची रेघ ओढली. सकाळी आठ ते साडेदहा कुडाजवळ ऊन. तीननंतर पडवीच्या बाजूला एक पट्टा. बाकी सगळी फणसाची सावली. वाफा कुडाजवळच करायचा.

रविवार, १५ नोव्हेंबर

पेरलं. अर्धंच. सगळं एकदम टाकायचा धीर झाला नाही. हा शहाणपणा की भित्रेपणा?

बुधवार, १८ नोव्हेंबर

शाळेतून आले तर अंगणात धूर. शेजारच्या रंगूबाईनं माझ्या वाफ्यावर शेण, पाला, काटक्या रचून राब भाजला होता! भाताच्या रोपांना करतात तसा. मला वेळ मिळत नाही, म्हणून तिनं आपण होऊन केलेलं काम. आत बी आहे हे तिला कोण सांगणार? मी सांगितलं नव्हतं.

मी ओरडले. सत्तरीच्या बाईवर, चार घरांना ऐकू जाईल इतकं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाजल्याबिगर रोप जोर धरतंय काय गो? येवढी शिकलीस नि येवढं ठावं नाय?"

जेवण गेलं नाही. बी गेलं म्हणून नव्हे.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

रंगूबाईकडे जाऊन माफी मागितली. तिला ती नकोच होती. तिचं एकच — उरलेलं बी राखेत पेर, नि हात हलका ठेव.

तिच्या देखत पेरलं.

रविवार, २९ नोव्हेंबर

उगवलं! वाफा हिरवा झाला आहे. तण एकही नाही — राबानं सगळं जाळलं. राब नसता तर रोपांमधलं तण काढण्यातच बहुधा माझे हात मोडले असते. हे श्रेय माझं नाही, हे इथं लिहून ठेवते.

रविवार, २० डिसेंबर

रोपं दाट झाली, उन्हाकडे मान काढून लांबट होत चालली. रंगूबाईनं भाताच्या आवणासारखी उपटून वीतभर अंतरावर लावायला लावली. ती उपटते, मी लावते. तिच्या दहा रोपांमागे माझं एक. "शाळेत पण अशीच शिकवतेस काय?" म्हणाली. दोघी खूप हसलो.

रविवार, १० जानेवारी १९८२

फणसाची खालची एक फांदी तोडली तर तासभर ऊन वाढेल. कोयता हातात घेऊन उभी राहिले. दादाला कळणार नाही. रंगूबाई काही बोलली नसती.

कोयता ठेवून दिला. सावली कमी करून जिंकायचं तर मग काय जिंकलं?

मंगळवार, १९ जानेवारी

पहिलं फूल! गुलाबी, पाच पाकळ्यांचं, सकाळी नऊच्या उन्हात. शाळेला उशीर झाला आणि मला काही वाटलं नाही. मला!

पेपरात मुंबईच्या गिरण्यांचा संप. कालपासून सगळ्या बंद.

शनिवार, ६ फेब्रुवारी

दादाचं पत्र. संप आठ-पंधरा दिवसांत मिटेल, काळजी करू नको. फुलांचं काही विचारलं नाही. घाबरला असेल!

रविवार, २१ फेब्रुवारी

एकेचाळीस. तांबडी, जांभळी, पांढरी, एक तर दोन रंगांचं. चित्रकलेचे सर मुद्दाम बघायला आले. कॉसमॉस, झिनिया, फ्लॉक्स अशी नावं सांगितली. रंगूबाईनं आपली वेगळी ठेवली आहेत — काडीवाली, टोपीवाली, नि मुंबईवाली. मुंबईवाली म्हणजे सगळ्यांत भडक.

रविवार, १४ मार्च

त्र्याण्णव! दोनदा मोजली. कळ्या धरल्या नाहीत.

शनिवार, २० मार्च

काल दादा आला. या वर्षी वहिनीही आली, ट्रंक-वळकटीसकट. मला फार बरं वाटलं.

आज सकाळी त्याला वाफ्यापाशी नेलं. त्यानं वाफा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघितला. मग वर फणसाकडे बघितलं. म्हणाला, "जिंकलीस गो नीला. फणस राहिला."

एवढंच. मी मात्र लहान पोरीसारखी नाचले!

टोपलीभर फुलं घेऊन महाडला गेलो. एस.टी.त उभं राहायला जागा नव्हती. दादानं टोपली सबंध वाट डोक्यावर धरली. तळ्यावर बायका विचारत होत्या, कुठून आणली. मी प्रत्येकीला सांगितलं — आमच्या फणसाखालची. बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी ती वाहिली तेव्हा वाटलं, आयुष्यात एक गोष्ट तरी लबाडी न करता पुरती केली.

बुधवार, २४ मार्च

दादा अजून गेला नाही. सकाळी विहिरीवर वहिनीला सहज विचारलं, कधी निघणार? ती लुगडं पिळत म्हणाली, "कुठं निघायचं? खोली सोडली आम्ही."

मुंबईहून निघताना दादा तिला म्हणाला होता, फणस विकला की पावसाळा निघेल. शर्तीचं तिला ठाऊक नव्हतं.

संप चालू आहे हे मी रोज वाचत होते. आणि फुलं मोजत होते.

दादा दिलेला शब्द मोडणार नाही. शाळा सुटल्यावर मी महाडला जाऊन आले. वखारवाला सोमवारी माणसं घेऊन येतो आहे. दादाला अजून सांगितलेलं नाही.