खाऱ्या पाण्यावर केलेली सही

मी, नरसिंह वामन केळुसकर, वय अठ्ठ्याहत्तर, बंदरबांधणी खात्यातला निवृत्त अभियंता, राहणार फ्लॅट क्रमांक ३०३, सागरमित्र सोसायटी, द्वारका, नवी दिल्ली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणी न सांगता लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. हृदय अजून दहा वर्षं सहज चालेल असंही त्यांनी त्यात लिहिलं आहे. ते वाचून चिरंजीवांचा चेहरा उतरला, तो मी डोळ्यांनी पाहिला. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. फ्लॅट माझा मुलगा अमोल याला द्यावा. त्याने गुरुग्राममध्ये बसून गिऱ्हाईकही हेरून ठेवलं आहे. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आठवड्यात त्याने बाल्कनीच्या छताच्या भेगा प्लास्टरने बुजवल्या आणि वर रंग फासला. विचारलं तर म्हणाला, "चलता है बाबा, एनसीआरमध्ये सगळे असंच विकतात. टेन्शन नका घेऊ यार." मी चाळीस वर्षं समुद्रात धक्के बांधले. खारं पाणी सळईपर्यंत पोचलं की सळई गंजून फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. रंगाला ती भीक घालत नाही. म्हणून अट अशी की, फ्लॅट विकताना वा भाड्याने देताना अमोलने कपाटातला या बांधकामाचा तपासणी अहवाल समोरच्याला मोठ्याने वाचून दाखवावा. मग कोणी घेणार नाही. तेव्हा त्याने सहकुटुंब इथेच राहावं आणि मुलांचा पलंग बाल्कनीपासून लांब ठेवावा.

२. दिलीप प्रधान, सोसायटीचा पहिला सेक्रेटरी आणि माझा खात्यातला सोबती, याला माझ्याकडची सीलबंद बाटली द्यावी. ही सोसायटी आम्ही खात्यातल्याच अठ्ठेचाळीस जणांनी काढली. खाऱ्या पाण्याशी भांडण्यात हयात गेलेली माणसं आम्ही. धक्क्याच्या खांबात सळईवर पंचाहत्तर मिलिमीटर काँक्रीट भरलं नाही तर ठेकेदाराला खांब फोडायला लावायचो. आणि स्वतःची घरं बांधताना ठेकेदाराने प्लॉटवरच बोअर मारून त्या पाण्यात काँक्रीट कालवलं, ते आम्ही चहा पीत बघत उभे राहिलो. पाण्याचा थेंब जिभेवर ठेवला तरी मीठ कळत होतं. मी नमुना घेतला तेव्हा दिलीप म्हणाला, "अरे नरसिंह, समुद्र इथून हजार किलोमीटर लांब. भिंतीला पाजायचंय, तुला नाही." त्याच नमुन्याची ही बाटली. दिलीप आता पंच्याऐंशीचा आहे आणि रक्तदाबामुळे त्याचं मीठ बंद आहे. बाटली त्याच्या उशाशी, नजरेला पडेल अशी ठेवावी.

३. बँकेतलं सगळं माझी मुलगी देवयानी हिला. माझी लहान हातोडीही तिलाच. त्या हातोडीने मी समुद्रातले खांब वाजवून तपासत असे. गेल्या महिन्यात माझ्याच बाल्कनीची फरशी वाजवली. माठासारखा पोकळ आवाज आला.

देवयानीबद्दल अमोलने लोकांना काही सांगण्याआधी मीच लिहितो. सहा वर्षांपूर्वी बाल्कनीच्या छताचा तुकडा पडला आणि माझी पत्नी पार्वती थोडक्यात वाचली. देवयानीने जुनी फाइल काढली. 'पाणी बांधकामास योग्य' असा दाखला तिला सापडला. ती म्हणाली, "बाबा, याच्यावर सही तर तुमची आहे."

होय, माझीच आहे. निवृत्ती जवळ आली होती. आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडायचं होतं. पार्वतीने ट्रंका बांधून ठेवल्या होत्या. गोडं पाणी टँकरने आणायचं तर काम दोन वर्षं लांबलं असतं. दिलीपने कागद पुढे केला आणि मी सही केली. त्या पाण्यातल्या मिठाचा प्रयोगशाळेचा आकडा माझ्या खिशात होता.

हे मी मुलीला सांगितलं नाही. तिला वर सोडायचं नाही, असं गेटवरच्या गार्डला बजावलं. चार वर्षं पार्वती खाली उतरून गेटजवळच्या बाकावर तिला भेटत राहिली. समुद्रात कायम बुडालेला खांब टिकतो. भरतीला भिजून ओहोटीला सुकणारा आधी जातो. पार्वतीचं तसंच झालं. खाली मुलीचं रडं आणि वर माझा राग यांत ती खचली. ती गेल्यावर देवयानीला वर येऊ दिलं, तेही तेराव्यापर्यंतच. मी दुष्टपणा केला. मला त्याची लाज वाटते.

४. माझा फोटो भिंतीवर लावू नये. खिळ्याने प्लास्टर पडेल आणि माझ्याबद्दल उगाच बोलणं होईल.

५. माझ्या पश्चात देवयानीने त्या दाखल्याच्या आणि प्रयोगशाळेच्या आकड्याच्या अठ्ठेचाळीस प्रती काढून प्रत्येक दारावर स्वतः द्याव्यात. जुने बरेच जण फ्लॅट विकून पुण्याला गेले. आता राहतात त्यांना काहीच ठाऊक नाही. हे काम मी स्वतः करायला हवं होतं. पण सकाळी लिफ्टमध्ये याच लोकांच्या तोंडाकडे बघायचं असतं, ते माझ्याने होणार नाही. म्हणून हे पाकीट माझ्या मृत्यूनंतरच उघडावं, आधी नाही.

६. साक्षीदारांना मजकूर माहीत असण्याची गरज नाही, माझी सही पाहिली की पुरे. खालच्या फ्लॅटमधल्या हरीशला काल साक्षीसाठी विचारलं. त्याची सात महिन्यांची मुलगी दुपारी बाल्कनीतल्या पाळण्यात झोपते, माझ्या फरशीच्या बरोबर खाली. तिला खांद्यावर घेऊनच तो दारात आला होता. म्हणाला, "काका, तुम्ही इंजिनिअर माणूस. तुमच्या कागदात मी काय वाचायचं? कुठे सही करू, तेवढं सांगा."

स्थळ: द्वारका, नवी दिल्ली
दिनांक: १८ ऑगस्ट २०२५

(सही) नरसिंह वामन केळुसकर

आमच्यासमोर सही झाली, मजकूर आम्ही वाचलेला नाही:

१. (सही) इंद्रजित भागवत, फ्लॅट १०४
२. (सही) हरीश सबनीस, फ्लॅट २०३