कधीही या

सोमवार

खोली मिळाली! वरच्या मजल्यावरची, स्वतंत्र नळ आणि खिडकीखाली लांबलचक टेबल. कवळ्या बनवणाऱ्या बाईला एवढा उजेड मिळाला की आणखी काय हवं? आल्या आल्या मेण, साचे, दातांच्या पेट्या मांडून टाकल्या. रविवारी बुटकी आली की आमचा दोघींचा संसार पूर्ण. बुटकी म्हणजे माझी धाकटी बहीण. आता माझ्यापेक्षा उंच झालीय, पण आई गेल्यापासून मीच वाढवलंय तिला, तेव्हा नावं ठेवायचा हक्कही माझाच.

घरमालकीण काकू खाली एकट्याच राहतात. बोलताना त्यांची वरची कवळी हलते. नवी करून देते म्हटलं तर लाजल्या. मग नियम सांगितले. चपला जिन्याखाली, पोटभाडेकरू अजिबात नाही, आणि न विचारता तुझ्या खोलीत कोणीही येणार नाही, मीसुद्धा नाही. दर वेळी विचारायचं, दर वेळी उत्तर द्यायचं. हे शेवटचं त्यांनी पुन्हा एकदा बजावलं. मागच्या घरमालकाला दार वाजवणंही ठाऊक नव्हतं, त्यामुळे मला हसूच आलं.

बुधवार

दुपारी घरीच काम केलं. मेणात दात बसवत होते, हात गुंतलेले, तेवढ्यात दारावर टकटक झाली. येऊ का आत, असं बोळक्या तोंडाने कोणी तरी विचारलं. काकूच असणार. जेवण झालं की कवळी काढून ठेवतात. मी मान वर न करता म्हटलं, अहो, विचारता काय, घर तुमचंच आहे, कधीही या. मोठ्या माणसाला दुसरं काय म्हणतात?

कोणी आलं नाही. दार उघडलं तर जिना रिकामा. संध्याकाळी काकू पिशव्या घेऊन फाटकातून आल्या. सकाळपासून भावाकडे होत्या म्हणे.

मग विचारलं कोणी?

शुक्रवार

दोन दिवस मनात घोळवून अखेर काकूंना सांगितलं. ऐकता ऐकता त्या पायरीवरच बसल्या.

या खोलीत पूर्वी त्यांच्या नवऱ्याचे एक लांबचे मामा भाड्याने राहायचे. तोंडात दात नाही, पण जागेची हाव दांडगी. लग्न होऊन आलेल्या काकू त्यांना सहज म्हणाल्या, घर तुमचंच समजा. मामा खरंच तसं समजले. शेवटी काकूंना स्वतःच्या घराबाहेर पडायलाही त्यांची परवानगी लागू लागली. मामा वारले, पण गेले नाहीत. दाराशी येऊन विचारतात. नाही म्हटलं की परततात.

मग खोली दिलीत कशाला, असं मी ओरडूनच विचारलं. "एकटीने किती वर्षं नाही म्हणू गं?" म्हणाल्या. "वाटलं, सोबतीला आणखी एक तोंड असेल."

आधी सांगितलं असतं तर मी इथे पाऊलही टाकलं नसतं, आणि हे त्यांना पक्कं माहीत होतं. दिलेला शब्द परत घेता येतो का, असं विचारलं. नाही येत, म्हणाल्या. मला फार भीती वाटतेय. उद्या सकाळीच निघते.

शनिवार

बॅग भरली. कडी काढली. दार उघडेना.

मागून तोच बोळका आवाज. विचारलंस का?

विचारलं. जाऊ का मी, म्हटलं. तो नाही म्हणाला. त्याला आता अहो-जाहो कसलं.

हाका मारल्या. काकू दारापर्यंत आल्या, रडत येऊ का म्हणाल्या. त्यांनाही तोच नाही म्हणाला. गेल्या त्या.

दिसत कोणीच नाही. टेबलावरची नवी कवळी मात्र नाहीशी झाली होती. दुपारभर कोपऱ्यात खटखट, खटखट. बसली नाही वाटतं त्याला. परत आणून ठेवलीय. ओली आहे—

बुटकीला फोन केला, येऊ नकोस म्हटलं. तिला शब्दच कळेनात. ताई, तोंडात काय धरलंयस, म्हणाली. जिभेने चाचपलं. पुढचे दात—

ती घाबरली. पहिल्या गाडीने निघते म्हणाली आणि ठेवला फोन. आता उचलत नाही, मेसेजही बघत नाही.

रविवार

एकही दात उरला नाही. दुखत नाही, त्याचीच भीती वाटते. बोलायला गेले की नुसता लगदा. तो मात्र स्वच्छ बोलतो आता. सकाळपासून सराव चाललाय, माझ्या आवाजात. ये गं. ये ना.

लिहिता येतंय अजून. हे पान दाराखालून सरकवते—

जिन्यात पावलं. दोन-दोन पायऱ्या एकदम. तीच.

टकटक. ताई, येऊ का आत? विचारल्याशिवाय कुणाच्या खोलीत जायचं नाही, हे मीच शिकवलंय तिला.

बुटके, येऊ नकोस. आवाज माझा असला तरी मी नाही ती. पळ. मी नाही म्हणतेय, ओरडून म्हणतेय, तुला ऐकू—

तो हसला. माझंच हसू. अगं, विचारतेस काय, घर तुझंच